पाठमोरी मैना

गोपाळभावजी आले ते एकटेच. रिक्षातून आधी त्यांची पिशवी उतरली, मग ते उतरले, आणि रिक्षा रिकामी होऊन केशवापूरच्या चौकाकडं निघूनही गेली. वरच्या गॅलरीत सुशीलाबाई मान लांब करून उभ्या होत्या. मागच्या सीटवर आणखी कुणी असेल, साडी सावरत उतरायला वेळ लागत असेल, अशी वेडी आशा त्यांनी सकाळपासून धरली होती. ती रिक्षाबरोबर गेली.

खाली त्यांचे यजमान श्रीकांतराव धाकट्या भावाला विचारत होते, "हेमा कुठाय रे?"

"तिला जरा कामं होती, अण्णा," गोपाळभावजी म्हणाले आणि चपला काढत बसले. खोटं बोलायचं असलं की त्यांना चपला काढायला फार वेळ लागायचा.

उद्या बारसं होतं. सुशीलाबाईंचा मुलगा अक्षय आणि सून रूपाली यांची लेक म्हणजे गोपाळभावजींच्या दीपश्रीनंतर अठ्ठावीस वर्षांनी या घरात आलेली पहिली मुलगी. रूपालीचं माहेर जवळच, उणकलला. पण तिथलं घर तीन खोल्यांचं, म्हणून पाळणा केशवापूरलाच बांधायचं ठरलं. मिरजेहून वन्सं, म्हणजे शकुंतलाबाई, चार दिवस आधीच येऊन सगळ्यांना कामाला लावून स्वतः पंख्याखाली बसल्या होत्या. पेढे आले होते, घुगऱ्यांचे हरभरे भिजले होते, पाळण्याला फुगे लागले होते. सुशीलाबाईंना त्यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना त्यांची जाऊ हवी होती.

सांगलीहून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना कन्नडचं अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी खुणांनी बोलायच्या आणि फसून यायच्या. चार वर्षांनी धारवाडची हेमावती धाकटी जाऊ होऊन आली. तिनं पहिल्या आठवड्यात त्यांना कन्नडात भाव करायला शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात भांडायला. बदल्यात सुशीलाबाईंनी तिच्या हाती कात्री दिली. कापडाच्या दुकानातून उरलेले खणाचे, इरकलीचे तुकडे घरी यायचे. दुपारची जेवणं आटोपली की दोघी जमिनीवर मांडी घालून बसत आणि त्या तुकड्यांतून पोपट, हत्ती, कैऱ्या, कमळं कापून उशांवर, पडद्यांवर, झबल्यांवर शिवत. आता त्याला अ‍ॅप्लिक म्हणतात आणि पोरी मोबाइलवर बघून शिकतात. या घरात नुसतं 'चित्रं लावणं' म्हणायचे. पुढं शाळेच्या नोकरीसाठी हेमावतीनं धारवाडला बिऱ्हाड केलं, तरी सणावारी दोघींच्या मधे तुकड्यांचा ढीग पडायचाच.

आणि मग अक्षयचं लग्न झालं. हेमावतीनं चाळीस दिवस खपून अकरा हत्तींचं तोरण केलं होतं. प्रत्येक हत्तीची झूल वेगळ्या खणाची. पण पुढच्या दाराला डेकोरेशनवाल्यानं झेंडू लावून टाकले होते. मांडवाच्या धांदलीत कुणीतरी विचारलं, "हे कुठं लावू?" सुशीलाबाई वळूनही न बघता म्हणाल्या, "लाव स्वयंपाकघराच्या दाराला." संध्याकाळी हेमावती पाणी प्यायला आत गेली, तर आचारी चौथ्या हत्तीला हात पुसत होता. ती तशीच मागं फिरली. जेवली, आहेर दिला, धारवाडला गेली, आणि तेव्हापासून दोन वर्षं तिनं या घराची पायरी चढली नव्हती. फोनवर खुशाली विचारायची, तीसुद्धा 'तुम्ही' म्हणून. जिला जन्मभर 'अक्का' आणि 'तू' म्हटलं, तिला 'तुम्ही'! ते 'तुम्ही' सुशीलाबाईंना मिरचीसारखं झोंबायचं. चूक आपली आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण थोरली जाऊ, त्यातून सांगलीची. 'चुकलं' हा शब्द त्यांच्या घशाच्या वर कधी आलाच नाही.

म्हणून त्यांनी दुपट्याची युक्ती केली होती. या घरात बाळाचं दुपटं दोन अर्धुकांचं करतात. डाव्या अर्धुकावर थोरल्या घरानं हिरव्या खणाचा राघू लावायचा, उजव्यावर धाकट्या घरानं जांभळ्या खणाची मैना. बारशाच्या आदल्या दिवशी बाळाच्या घरी दोघी जावांनी बसून मधली शिवण घालायची, म्हणजे दोन्ही पक्षी चोचीला चोच लावून समोरासमोर येतात. अक्षयचं तसं झालं, दीपश्रीचं तसं झालं. महिन्यापूर्वी सुशीलाबाईंनी चित्र न लावलेलं अर्धुक आणि जांभळा खण धारवाडला पाठवून दिला. चिठ्ठी नाही, फोन नाही. ते परत आलं नाही, याचाच त्यांनी शकुन धरला होता.

"हे घ्या वहिनी, तिनं दिलंय," गोपाळभावजींनी पिशवीतनं पुडकं काढलं. समोर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भज्यांची बशी आली होती, त्यामुळं त्यांचं पुढचं लक्ष संपलं.

सुशीलाबाईंनी घडी उलगडली. मैना सुंदर होती. काजाचा टाका इतका बारीक, की कड कापडातून उगवल्यासारखी दिसत होती. पिवळी चोच, मोहरीएवढा डोळा. त्यांनी आपलं राघूचं अर्धुक आणून शेजारी अंथरलं आणि तशाच ओणव्या राहिल्या.

राघू उजवीकडं बघत होता. मैनाही उजवीकडंच बघत होती. राघूनं मोठ्या हौसेनं चोच पुढं केली होती, आणि समोर मैनेचं शेपूट होतं.

"अगंबाई," शकुंतलाबाई पंख्याखालून उठल्या. "पाठ फिरवली की गं हिनं!"

"चुकून झालं असंल," श्रीकांतराव म्हणाले.

"पस्तीस वर्षं चित्रं लावणारी बाई चुकते? एवढा बारीक टाका घालताना पक्षी कुठं बघतोय ते दिसत नाही? तोंडानं बोलली नाही, सुईनं बोलली. ठरवून केलंय हे."

"मग उलटं करून जोडा की."

"अहो, उलटं केलं तर पक्षी डोक्यावर उभा राहील," सुशीलाबाई पुटपुटल्या.

"गोपाळ, बोल की रे तू!" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मला काय कळतंय त्यातलं, ताई? बांधून दिलं, आणलं," गोपाळभावजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक मिरची भजी उचलली.

शकुंतलाबाईंनी पदर खोचला. त्यांनी पदर खोचला की घरात कुणाचं तरी काहीतरी बिघडणार हे ठरलेलं. "हे बघ सुशीले. ती येणार नाही, हे तिनं कळवलंय. आई नाही म्हटल्यावर लेकही यायची नाही. म्हणजे आत्या नाही. बाळाच्या कानात नाव सांगायला कुणीतरी पाहिजे, तर मी आहे. मी काय आत्या नाही?"

"तुम्ही यांच्या आत्या," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. रूपाली बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. दोन वर्षांत तिनं आत्तेसासूबाईंसमोर "हो" आणि "वाढू का" यांच्यापलीकडं शब्द काढला नव्हता. आता तिचे कान लाल झाले होते, पण ती मागं हटली नाही. "माझ्या लेकीची आत्या दीपाताईच. नाव तिनं सांगायचं, नाहीतर राहू दे बिननावाची. आमचं रोज बोलणं होतं मेसेजवर. तिला यायचंय. काकूंना पण यायचंय."

"कशावरून?"

"काकूंनी कालच नवीन साडीला फॉल लावला."

एवढ्या पुराव्यावर शकुंतलाबाईंनी खोचलेला पदर सोडला. बाईमाणूस उगाच फॉल लावत नाही, हे त्यांनाही मान्य होतं.

सुशीलाबाई मात्र अजून मैनेच्या पाठीकडंच बघत होत्या. गंमत अशी, की त्यांना राग आलाच नव्हता. आपण दोन वर्षं तोंड फिरवून बसलो, तिनं एका पक्ष्याचं फिरवलं. हिशेब केला तर तिच्याच बाजूनं निघतो. त्यांनी दोन्ही अर्धुकं घडी केली, कात्रीचा डबा घेतला, खणाच्या चार चिंध्या कोंबल्या आणि चप्पल पायात सरकवली.

"कुठं?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"धारवाडला."

"उद्या बारसं आहे!"

"म्हणूनच आज जाते."

गोपाळभावजी बशी ठेवून उठायला लागले. "मी येतो, वहिनी."

"तुम्ही खावा हो भावजी. बायकांचं आहे हे."

त्या दारापर्यंत पोचल्या नाहीत तोच मागून शकुंतलाबाई आल्या. हातात स्टीलचा डबा. "रिकाम्या हातानं जाऊ नकोस. बेसनाचे आहेत, तिला आवडतात." आणि सुशीलाबाई बघतच राहिल्या तशा त्या फिस्कारल्या, "असं काय बघतीस? मी काय तिची वैरीण आहे? जा, बस जाईल."

धारवाडला जाणारी एसी चिगरी बस गार होती आणि निम्मी रिकामी. सुशीलाबाई खिडकीशी बसून मनातल्या मनात तालीम करायला लागल्या. "हेमा, त्या दिवशी धांदलीत..." नको, हे तर डेकोरेशनवाल्यावर ढकलल्यासारखं झालं. "हेमा, झालं गेलं..." हेही नको, ज्याचं झालं गेलं त्यानं तसं म्हणावं. उणकलचं तळं आलं आणि गेलं, नवनगर गेलं, शेजारच्या बाईनं दोनदा त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं पाहिलं. धारवाड आलं तरी 'चुकलं' काही घशातून वर येईना. सहासष्टाव्या वर्षी तोंडी परीक्षेला निघालेल्या पोरीसारख्या त्या पुटपुटतच बसमधून उतरल्या.

माळमड्डीतल्या घराचं दार उघडंच होतं. हेमावती व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, आणि ताटातले निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत गेले.

"अक्का? तुम्ही? बाळ बरं आहे ना?"

"बाळाला काय धाड भरलीय," सुशीलाबाई म्हणाल्या. 'तुम्ही' ऐकून त्यांचं उरलंसुरलं भाषणही पळालं. न सांगताच त्या समोर जमिनीवर बसल्या, दोन्ही अर्धुकं काढली आणि चटईवर शेजारीशेजारी अंथरली. राघू, आणि मैनेची पाठ.

हेमावतीनं चष्मा लावला. बघितलं.

"तू बरोबर केलंस," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी पण हेच केलं असतं. नाही, मी तर उशीच फेकून मारली असती. चाळीस दिवस तू डोळे फोडून हत्ती लावलेस आणि मी मान वर करून बघितलं नाही. दारात झेंडू होते म्हणे! चार माळा काढून टाकायला कितीसा वेळ लागला असता? नंतर तो आचारी... मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, हेमा. मी स्वतः धुतलं ते तोरण. डाग निघाला नाही. मग लाज वाटली म्हणून फोन केला नाही. आज करू, उद्या करू, असं करत दोन वर्षं गेली. तुला सांगते..." मराठीत जे दोन वर्षं आणि बसचा सगळा रस्ता आलं नाही, ते अचानक त्या भाषेत आलं जी समोरच्या बाईनंच त्यांना शिकवली होती. "तप्पायतु, हेमा. नंदे तप्पायतु. माझीच चूक."

हेमावतीनं ओठ घट्ट मिटले होते. तिचे खांदे हलत होते. सुशीलाबाईंना वाटलं, रडतेय. त्यांनी हात पुढं केला. आणि हेमावती फस्सदिशी हसली. हसली ती अशी, की चष्मा नाकावरून घसरला, तांदळाचं ताट कलंडलं, आणि शेवटी ती चटईवर आडवीच झाली.

"काय झालं हसायला?"

"अय्यय्यो अक्का! मी कशाला पाठ फिरवू? चूक झालीय गं ती! दीपे! ए दीपे, इकडं ये! काय करून ठेवलंस बघ!"

आतून दीपश्री आली. कॉलेजात शिकवणारी, चार माणसांत ठामपणे बोलणारी ही पोरगी दुपट्याकडं बघताच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. झालं होतं ते असं. हेमावतीचं बोट गेल्या महिन्यात विळीवर कापलं होतं, म्हणून मैना कापून द्यायचं काम लेकीनं घेतलं. आईसारखं पुठ्ठ्याचा खाका कापडावर ठेवून, कापून, कड दुमडून टाचत बसण्याऐवजी तिनं नवीन पद्धत काढली. आता मिळतो तो चिकट कागद आणला. त्यावर चित्र काढायचं, खणाच्या उलट्या बाजूला ठेवून इस्त्री फिरवायची, आणि कापलेला पक्षी तसाच अर्धुकावर चिकटवायचा. पण मागून चिकटवलेलं पुढून उलट्या तोंडाचं दिसतं. राघूच्या पुठ्ठ्यावरून मैना करायची म्हणून आईच्या सवयीनं तिनं खाका आधीच पालथा घातला होता. कागदानं तो पुन्हा पालथा घातला. मैना फिरून होती तिथंच आली.

"आणि तू शिवताना बघितलं नाहीस?" सुशीलाबाईंनी हेमावतीला विचारलं.

"अक्का, चित्र कोण बघतंय? कड बघून शिवते माणूस. मांडीवर गुंडाळी करून चार दिवस कडेकडेनं फिरले मी. पूर्ण उलगडून बघितलंच नाही. शेजारी राघू असता तर दिसलं असतं."

"मग मी उलगडलं तेव्हा तुला कळलं?"

"लग्गेच."

"आणि तू मला एवढं सगळं बोलू दिलंस?"

हेमावतीनं डोळे पुसले. ते हसून भरले होते की आणखी कशानं, कुणास ठाऊक. "तू बोलायला सुरुवात केलीस. म्हटलं, बोलू दे. दोन वर्षं थांबले होते, पाच मिनिटं थांबायला काय जातंय! मधेच सांगितलं असतं तर अर्ध्यावर थांबली असतीस की गं तू."

"थांबलेच असते! मेली, लबाड!" सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्याही हसायला लागल्या. 'तू' परत आलं होतं. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी बेसनाचा लाडू उचलून जावेच्या तोंडात कोंबला, त्यामुळं तिला आणखी काही बोलता येईना.

पुढचा प्रश्न पक्ष्याचा. सुशीलाबाई म्हणाल्या, उसवू आणि नवीन लावू. हेमावतीनं नखानं कड उचलून बघितली. कागदाचा डिंक कापडात मुरला होता. ओढलं तर खालची मलमल फाटणार. अक्षयच्या बारशात नेसलेल्या साडीची मलमल होती ती, दुसरी कुठली आणायची?

"सगळी कशाला उसवायची?" हेमावती म्हणाली. "पाठ राहू दे तशीच. मान तेवढी वळवू."

दीपश्रीला कळलं नाही. दोघी जावांना एकदम कळलं. सुशीलाबाईंनी कात्रीचा डबा उघडला. हेमावतीनं मानेपर्यंतचा टाका उसवला आणि डोकं बेतानं कातरून काढलं. तिथं मलमलीवर डिंकाचा पुसट डाग राहिला. सुशीलाबाईंनी जांभळ्या खणाच्या चिंधीतून नवं डोकं कापलं, या वेळी कड दुमडून, जुन्या पद्धतीनं. डागावर एक हिरवं पान बसवलं आणि डोकं मागं वळवून टाचलं. एक टाका हिचा, एक तिचा, असं दोन्हीकडून शिवत दोघी चोचीपाशी येऊन भेटल्या. मैना आता पाठमोरीच होती, पण खांद्यावरून वळून राघूकडं बघत होती.

"रुसलेली मैना," दीपश्री म्हणाली.

"रुसून बघतेय, म्हणजे रुसवा गेलाच म्हणायचा," सुशीलाबाई म्हणाल्या. "हेमा, सरळ तोंडाच्या दोन झाल्या आपल्या, पण ही सगळ्यात देखणी."

तेवढ्यात फोन वाजला. शकुंतलाबाई. "काय झालं गं? बोलली का?"

"बोलली की. आम्ही मैनेची मान कापली, वन्सं."

"काय? अगं, शुभकार्य आहे घरात!"

"दुसरी लावली. पहिल्यापेक्षा चांगली. ठेवते आता." तिकडून "थांब, थांब" येत असतानाच सुशीलाबाईंनी फोन बंद केला. असं धाडस त्यांनी वन्संच्या बाबतीत जन्मात केलं नव्हतं.

साडेपाच झाले. ऊन व्हरांड्याच्या पायरीवरून खाली उतरलं. सुशीलाबाईंनी अर्धुकांची घडी घातली, डबा पिशवीत ठेवला, आणि जे विचारायला त्या खरं म्हणजे आल्या होत्या ते विचारायला त्यांना परत धीर गोळा करावा लागला. चित्र नीट झालं म्हणून माणूस येईलच असं कुठं असतं?

"हेमा, उद्या येशील ना?"

हेमावती उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. खाली सांडलेले तांदूळ तिनं पदरात गोळा केले.

"उद्या नाही येत मी," ती म्हणाली.

सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. दीपश्रीनं आईकडं पाहिलं.

"उद्या पाहुणे येतात, अक्का. घरचे आदल्या दिवशी येतात." हेमावतीनं आत वळून हाक मारली. "दीपे, गॅस बंद कर आणि माझी बॅग आण. पलंगाखाली आहे. चार दिवस झाले भरून ठेवलीय, कुणी न्यायला येतंय का बघत बसले होते."